ठेका एकाचा, चाल दुसऱ्याची: जो मोरेलो आणि ‘टेक फाइव्ह’चे प्रकरण

१ जुलै १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांच्या जॅझ चौकडीने पाच मात्रांची एक रचना ध्वनिमुद्रित केली. ती एकट्या ड्रम्सने सुरू होते, मध्यावर सुमारे दोन मिनिटे ड्रम्सच पुढे असतात आणि बाकीची वाद्ये मागे सरतात. ड्रमवादक जो मोरेलो यांना मोकळे वाजवायला जागा मिळावी, याच हेतूने ती बांधली गेली होती. तरीही ‘टेक फाइव्ह’ या नावाने जगभर गेलेल्या या रचनेवर रचनाकार म्हणून नाव लागले ते सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड यांचे, आणि तिचे मानधनही आजवर त्याच नावाने जमा होत आले आहे. हे कसे घडले, त्यात कोणावर अन्याय झाला का, आणि जॅझच्या जगात ड्रमवादकाचे स्थान नेमके कोठे होते, हे पाहण्यासाठी मोरेलो यांच्या कारकिर्दीतील ही एकच घटना पुरेशी आहे. मात्र तिची मुळे १९५९च्या बरीच आधी जातात.

मोरेलो यांचा जन्म १७ जुलै १९२८ रोजी मॅसेच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. दृष्टी जन्मापासूनच अधू होती. मैदानी खेळ शक्य नसल्याने आईवडिलांनी मुलाला संगीताकडे वळवले आणि वयाच्या सहाव्या वर्षी हातात व्हायोलिन दिले. नवव्या वर्षी हा मुलगा बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मेंडेल्सोनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो एकल वादक म्हणून वाजवत होता. पंधराव्या वर्षी त्याने नामवंत व्हायोलिनवादक याशा हायफेट्झ यांना ऐकले, तसा नाद आपल्या हातून कधीच निघणार नाही असे ठरवले आणि व्हायोलिन बाजूला ठेवून ड्रम्स हाती घेतले. हा निर्णय उतावळा वाटतो, पण पुढच्या वादनात व्हायोलिनची शिस्त शिल्लक राहिलेली ऐकू येते. मोरेलो ठेका धरतानाही वाक्याचा विचार करतात. कोठे थांबायचे आणि कोठे हलकेच सुरू व्हायचे, हे भान त्यांनी तंतुवाद्याकडून आणलेले दिसते.

शिक्षणाचा महत्त्वाचा टप्पा बोस्टनमध्ये जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांच्याकडे झाला. स्टोन यांचे १९३५चे ‘स्टिक कंट्रोल’ हे सरावाचे पुस्तक आजही ड्रम शिकणाऱ्यांच्या हाती असते. त्यातील धडे मोरेलो नुसते वाजवून थांबत नसत. त्यांत ते आपल्या मनाने आघात घालत आणि एकसारख्या ओळींना चढउतार देत. शिष्याच्या या खोडीतूनच गुरूंना पुढच्या पुस्तकाची कल्पना सुचली आणि ते पुस्तक त्यांनी मोरेलो यांनाच अर्पण केले. सिम्फनी वाद्यवृंदात तालवादक व्हावे, अशी या विद्यार्थ्याची आधी इच्छा होती. अधू दृष्टीच्या माणसाला स्वरलिपी आणि संचालकाची छडी एकाच वेळी सांभाळणे जड जाईल, हे ओळखून स्टोन यांनी त्याला जॅझकडे वळवले.

१९५२मध्ये मोरेलो न्यूयॉर्कला आले आणि लवकरच पियानोवादक मॅरियन मॅकपार्टलंड यांच्या त्रयीत दाखल झाले. ५२व्या रस्त्यावरील ‘हिकरी हाउस’ या ठिकाणी ही त्रयी वाजवत असे आणि शहरातील इतर ड्रमवादक केवळ त्यांचे हात पाहायला तेथे येऊन बसत. डाव्या हाताची काठी मनगटाऐवजी बोटांनी उसळवत ठेवण्याची त्यांची पद्धत, आणि तारांचा ब्रश घेऊन स्नेअर या लहान ड्रमच्या चामड्यावर जवळजवळ कुजबुजल्यासारखे वाजवणे, या दोन गोष्टींची त्या काळी चर्चा होती. हे ब्रशचे काम डेस्मंड यांनाही फार आवडले. या प्रकरणातील विसंगती येथूनच सुरू होते, कारण मोरेलो चौकडीत यावेत असे सुचवणाऱ्यांत स्वतः डेस्मंड होते.

तोवर ब्रुबेक चौकडीचे नाव अमेरिकेतील महाविद्यालयांत झाले होते. आधीचे ड्रमवादक जो डॉज सरळ, मऊ ठेका धरत आणि डेस्मंड यांच्या कोरड्या, हलक्या आल्टो सॅक्सोफोनला तेच मानवत असे. १९५६मध्ये डॉज गेले तेव्हा ब्रुबेक यांनी मोरेलो यांना विचारले. मोरेलो यांचे उत्तर स्पष्ट होते: तुमच्या चौकडीत प्रकाश तुम्हा दोघांवर असतो, बासवादक आणि ड्रमवादक अंधारात असतात, मला वाजवायला वाव मिळणार असेल तरच येतो. ब्रुबेक यांनी शब्द दिला. करार दोन महिन्यांच्या दौऱ्यापुरता होता.

सुरुवातीच्याच एका कार्यक्रमात ब्रुबेक यांनी तो शब्द पाळला आणि मोरेलो यांना एकल वादनासाठी पुढे केले. श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि डेस्मंड मंच सोडून निघून गेले. ब्रुबेक यांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या हकीगतीनुसार, एक तर हा ड्रमवादक राहील नाही तर मी, असे डेस्मंड यांनी बजावले आणि बासवादक नॉर्मन बेट्सही त्यांच्या बाजूने उभे राहिले. मोरेलो जाणार नाहीत, एवढेच उत्तर ब्रुबेक यांनी दिले. दुसऱ्या दिवशी एकट्या मोरेलोंना घेऊन वाजवायची त्यांनी मनाची तयारी केली होती; प्रत्यक्षात ऐन वेळी दोघेही येऊन उभे राहिले. त्यानंतर काही काळ डेस्मंड आणि मोरेलो यांच्यात अबोला होता.

या भांडणात डेस्मंड यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. आल्टो सॅक्सोफोनचा इतका तलम स्वर घेऊन वाजवणाऱ्याच्या मागे कोणी काठ्या जोरात चालवल्या, तर त्याची अर्धी वाक्ये बुडतात. त्यांनी मागितला होता ब्रशवाला साथीदार आणि मिळाला होता एकल वादक. फसवणूक झाल्याची त्यांची भावना समजण्यासारखी आहे. दुसऱ्या बाजूला, ब्रुबेक यांच्या ठामपणात केवळ औदार्यही नव्हते. मिल्स कॉलेजमध्ये फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांच्याकडे शिकलेल्या या पियानोवादकाला एकाच वेळी दोन लयी, विषम मात्रांची आवर्तने अशा गोष्टींची ओढ कधीची होती, आणि असे प्रयोग पेलू शकणारा माणूस त्यांना प्रथमच सापडला होता. चार मात्रांच्या सवयीवर वाढलेल्या जॅझमध्ये पाच किंवा सात मात्रांचा ठेका न डळमळता, तोही झुलता ठेवून धरणारे वादक तेव्हा अगदी थोडे होते. मोरेलो गेले असते तर चौकडी टिकली असती. ‘टेक फाइव्ह’ ज्यात आहे तो ‘टाइम आउट’ हा संग्रह मात्र झाला नसता, असे मला वाटते.

१९५८च्या आरंभी युजीन राइट बासवादक म्हणून आले आणि ब्रुबेक, डेस्मंड, राइट, मोरेलो ही चौकडी पूर्ण झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तिला पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, सिलोन, इराण, इराक अशा लांबच्या दौऱ्यावर पाठवले. शीतयुद्धाच्या राजकारणात जॅझचा हा वापर हा स्वतंत्र विषय आहे. या प्रकरणापुरते महत्त्व एवढेच की मुंबईत ब्रुबेक यांची सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी गाठ पडली, आणि मद्रासमध्ये मोरेलो मृदंगवादक पळणी सुब्रमण्य पिल्लै यांच्यासमोर बसले. विषम मात्रांचे ताल जेथे नित्याचे आहेत, अशा लोकांत पाहुण्या ड्रमवादकाला परके वाटले नाही. परतल्यावर केलेल्या संग्रहात ‘कलकत्ता ब्लूज’ नावाची रचना आहे आणि तिच्यात मोरेलो काठ्या खाली ठेवून हातांनी ड्रम वाजवतात. तबल्याची नक्कल म्हणून ते फारसे साधलेले नाही. ऐकलेले हातात उतरवून पाहण्याचा प्रयत्न म्हणून मात्र ते ऐकावे. पाच मात्रांचा ठेका त्यांनी भारतातून उचलला, असे काही जण उत्साहाने सांगतात. तसे मानायला आधार नाही, आणि मानण्याची गरजही नाही.

‘टेक फाइव्ह’चा जन्म झाला तो कार्यक्रमाआधीच्या रिकाम्या वेळात. मंचामागे मोरेलो पाच मात्रांत वाजवत बसत आणि डेस्मंड कधी कधी त्यावर सॅक्सोफोनचे तुकडे टाकत. अबोला तोवर कधीच सरला होता. ते ऐकून ब्रुबेक यांनी डेस्मंड यांना सांगितले की जो जे वाजवतो त्यावर काहीतरी लिहून आण. डेस्मंड दोन वेगवेगळ्या चाली घेऊन आले आणि यातून पुरी रचना होत नाही अशी त्यांची तक्रार होती. एक चाल मुखड्यासारखी दोनदा घ्यायची, दुसरी मध्ये ठेवायची आणि पुन्हा पहिलीवर यायचे, ही मांडणी ब्रुबेक यांनी सुचवली. आज ऐकणाऱ्याला जी रचना एकसंध वाटते, ती अशी तिघांच्या हातून बनली: ठेका मोरेलो यांचा, चाली डेस्मंड यांच्या, जोडणी ब्रुबेक यांची.

स्टुडिओतही ती सहज उतरली नाही. २५ जूनच्या सत्रात प्रयत्नामागून प्रयत्न फसले, कारण कोणी ना कोणी पाच मात्रांतून घसरत होते, आणि शेवटी ते काम तसेच सोडावे लागले. १ जुलैला ते जमले. ब्रुबेक पियानोवर पहिल्या तीन मात्रांना एक स्वरमेळ आणि पुढच्या दोन मात्रांना दुसरा, असा छोटा तुकडा ड्रम्सच्या एकल वादनात न बदलता धरून ठेवतात. आपल्याकडच्या श्रोत्याला याची ओळख लगेच पटेल, कारण एकल तबल्यासाठी सारंगी किंवा पेटी जो लहरा धरते, तेच काम येथे पियानो करतो. झपतालाच्या अर्ध्या आवर्तनात दोन आणि तीन असे खंड पडतात. येथे ते तीन आणि दोन आहेत, एवढाच फरक. या लहऱ्यावर मोरेलो जे वाजवतात त्यात हातचलाखीचे प्रदर्शन जवळजवळ नाही. पायाने वाजणाऱ्या बेस ड्रमचा एक ठोका, मग मोकळी जागा, मग स्नेअरवरचे दोनतीन कोरडे आघात, पुन्हा मोकळी जागा. त्यांची वाक्ये पाचच्या रेषेवर संपत नाहीत; ती पुढच्या आवर्तनात सांडतात आणि भलत्याच ठिकाणी उतरून नंतर सावकाश समेशी जुळतात. एवढी मोकळी जागा ठेवण्याचे धाडस त्या काळच्या एकल ड्रमवादनात विरळाच होते. मागे पियानो चालू नसता, तर नवख्या श्रोत्याला लय कोठे आहे हे कळलेही नसते.

‘टाइम आउट’ डिसेंबर १९५९मध्ये बाहेर आला. कंपनीच्या विक्री विभागाला त्यात तीन दोष दिसत होते: सगळ्या रचना नव्या, मुखपृष्ठावर अमूर्त चित्र, आणि ज्यावर नाचता येईल असा ठेका नाही. कंपनीचे अध्यक्ष गोडार्ड लीबरसन पाठीशी राहिले म्हणून तो निघाला. पुढे १९६१मध्ये तबकडीच्या एका बाजूवर मावेल अशी ‘टेक फाइव्ह’ची छोटी आवृत्ती रेडिओवरून पसरली, ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या मुख्य यादीत २५व्या क्रमांकापर्यंत चढली, आणि संग्रह लोकप्रिय संग्रहांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला. छोट्या आवृत्तीसाठी कात्री लागली ती मुख्यतः ड्रम्सच्या भागाला. ज्यासाठी रचना बांधली तोच भाग कमी करून ती विकली गेली, यावर कोणी टिप्पणी केल्याचे फारसे आढळत नाही. ही रचना लोकप्रिय व्हावी अशी कल्पनाच नव्हती, ते मोरेलोचे एकल वादन व्हायचे होते, असे डेस्मंड स्वतः सांगत असत.

आता पैशाचा भाग. तेव्हा अमेरिकेत १९०९चा स्वामित्वहक्क कायदा लागू होता. त्यानुसार तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक रचनेसाठी २ सेंट असा कायदेशीर दर होता, आणि ती रक्कम रचनाकार व प्रकाशक यांच्यात वाटली जाई. दहा लाख प्रतींवर हा आकडा २० हजार डॉलर होतो. त्याहून मोठी गोष्ट रेडिओची. अमेरिकेत रेडिओवर तबकडी वाजली की मोबदला जातो रचनाकाराला आणि प्रकाशकाला. जे वादक प्रत्यक्ष ऐकू येत असतात, त्यांना नभोवाणीकडून काहीच मिळत नाही, आणि ही स्थिती आजही बदललेली नाही. ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संघीय संरक्षण तर १५ फेब्रुवारी १९७२पासून पुढे मिळाले. म्हणजे कागदावर रचनाकार कोण, या एका नोंदीवर पुढच्या कित्येक दशकांचा हिशेब अवलंबून होता आणि ती नोंद करताना कायदा पाहत होता चालीकडे. नुसता ठेका, नुसती मात्रांची विभागणी ही सर्वांच्या मालकीची मानली जाते. या भूमिकेत तथ्य आहे. रूपक कोणाचा किंवा धमार कोणाचा, असा प्रश्न आपणही विचारत नाही, आणि कोणी पाच मात्रांवर हक्क सांगू लागला तर संगीत चालणारच नाही.

३० मे १९७७ रोजी डेस्मंड वारले. ‘टेक फाइव्ह’सह आपल्या रचनांचे मानधन त्यांनी मृत्युपत्राने अमेरिकन रेड क्रॉसला दिले. तेव्हापासून संस्थेला त्यातून वर्षाला सरासरी सुमारे १ लाख डॉलर मिळत आल्याचे सांगितले जाते. याच रचनेचे हक्क एका विजेच्या रेझरच्या बदल्यात देऊन टाकावेत, असे डेस्मंड यांच्या एकदा मनात आल्याची आठवणही प्रसिद्ध आहे. लबाडीने श्रेय लाटणाऱ्या माणसाचे हे वर्तन नव्हे. त्यांना त्या रचनेच्या किमतीचा अंदाजच नव्हता, आणि इतर तिघांनाही नव्हता.

मोरेलो यांना दुसऱ्या खात्यात बरेच मिळाले. दोन महिन्यांसाठी आलेला हा वादक डिसेंबर १९६७मध्ये चौकडी विसर्जित होईपर्यंत राहिला. १९६१च्या पुढच्या संग्रहातील ‘अनस्क्वेअर डान्स’ या सात मात्रांच्या रचनेत ते काठ्यांनी ड्रमच्या कडेवर इतके अवघड काम करतात की ते निभावल्यावर शेवटी त्यांना हसू आवरत नाही, आणि ते हसू ध्वनिमुद्रणात तसेच राहिले आहे. २१ फेब्रुवारी १९६३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये ‘कॅस्टिलियन ड्रम्स’ या रचनेत ते दहा मिनिटांहून अधिक काळ सभागृह एकट्याने धरून ठेवतात. चौकडी संपल्यावर त्यांनी दौऱ्यांपेक्षा शिकवण्याला महत्त्व दिले, न्यू जर्सीत विद्यार्थी घडवले आणि ‘मास्टर स्टडीज’सारखी सरावाची पुस्तके लिहिली. सत्तरच्या दशकात उरलीसुरली दृष्टीही गेली. १९७६मध्ये जुनी चौकडी रौप्यमहोत्सवानिमित्त पुन्हा एकत्र आली तेव्हा डेस्मंड आणि मोरेलो एकाच मंचावर होते. १२ मार्च २०११ रोजी मोरेलो यांचे निधन झाले.

या कामगिरीच्या श्रेयनोंदी पाहिल्या तर प्रकरण ‘टेक फाइव्ह’पुरते राहत नाही. ‘कॅस्टिलियन ड्रम्स’ आणि पाच मात्रांतीलच ‘फार मोर ड्रम्स’ या दोन्ही रचना प्रामुख्याने ड्रम्सच्याच आहेत, नावातच ड्रम्स आहेत, आणि तरीही त्या ब्रुबेक यांच्या नावावर आहेत. त्या काळात ड्रमवादकाला रचनाकार मानण्याची रीतच नव्हती, असे मात्र म्हणता येत नाही. ‘सॉल्ट पीनट्स’वर डिझी गिलेस्पी यांच्याबरोबर ड्रमवादक केनी क्लार्क यांचे नाव आहे, ‘एपिस्ट्रोफी’वर थेलोनियस मंक यांच्याबरोबर पुन्हा क्लार्क आहेत, ‘मान्तेका’वर क्यूबाचे काँगावादक चानो पोसो आहेत. या उदाहरणांत तालवादकाने चालीचा किंवा बासच्या तुकड्याचा काही भाग दिला होता, असे सांगितले जाते. कायद्याला दाखवता येईल असे काही स्वर त्यांच्या हातून आले होते. मोरेलो यांनी एकही स्वर दिला नव्हता. त्या कसोटीवर त्यांचा दावा टिकला नसता हे खरे. पण तीच कसोटी लावली तर पियानोचा अखंड तुकडा आणि दोन चालींची जोडणी करणारे ब्रुबेक सहरचनाकार ठरू शकले असते, आणि चौकडीचे प्रमुख असूनही त्यांनी तो हक्क सांगितला नाही. १९५६मध्ये मोरेलो यांनी मागितलेली जागा मंचावरची होती आणि ती त्यांना वचनाप्रमाणे पुरेपूर मिळाली. श्रेयपत्रावरची जागा त्या बोलण्यात आलीच नव्हती. १९६१मध्ये कार्मेन मॅक्रे यांनी ‘टेक फाइव्ह’ गायले तेव्हा ब्रुबेक आणि त्यांची पत्नी आयोला यांनी त्यासाठी शब्द लिहिले आणि गायनाच्या आवृत्तीवर त्यांची नावे आली. मोरेलो यांचे नाव रचनाकार म्हणून कोणत्याच आवृत्तीवर आले नाही.